आग्वाद ते पेनिश : दोन किल्ल्यांमध्ये डांबलेला गोव्याचा माणूस, टी. बी. कुन्हा

नवी मुंबईतून गोव्याला जायचं म्हटलं की प्लॅन साधारण ठरलेला असतो. पनवेलहून रात्रीची गाडी, सकाळी थिवी किंवा मडगाव, भाड्याची स्कूटर, बीच आणि एखादा किल्ला. किल्ल्यांमध्ये दोन नावं हमखास. एक शापोरा, कारण तिथे 'दिल चाहता है'चं शूटिंग झालं होतं. आणि दुसरा आग्वाद, कारण तिथलं दीपगृह फोटोत छान दिसतं.

बहुतेक लोक आग्वादच्या वरच्या भागात फिरतात, दीपगृहासमोर फोटो काढतात आणि परत फिरतात. पण या किल्ल्याचा एक खालचा भागही आहे, अगदी समुद्राला लागून. तिथे अनेक दशकं जेल होतं. २०१५ मध्ये ते कोलवाळला हलवलं आणि १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवा मुक्तीला साठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, त्याच जेलमध्ये म्युझियम सुरू झालं. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी जे लोक पोर्तुगीज सत्तेशी भांडले, त्यांचा इतिहास सांगणारं हे म्युझियम आहे. तिथल्या दोन कोठड्या खास जपून ठेवल्यात. एक डॉ. राममनोहर लोहिया यांच्या नावाची. लोहियांचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

दुसऱ्या कोठडीवरचं नाव आहे टी. बी. कुन्हा. गोव्यात त्यांना गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. महाराष्ट्रात मात्र हे नाव फारसं कुणी घेत नाही. खरं तर त्यांच्या आयुष्याची शेवटची पाच वर्षं मुंबईत गेली आणि मृत्यूही मुंबईतच झाला.

चांदरच्या वाड्यातला मुलगा

पूर्ण नाव त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा. जन्म २ एप्रिल १८९१, गाव चांदर, तालुका सासष्टी. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, एकेकाळची गोव्याची राजधानी. आज हे गाव ब्रागांझा घराण्याच्या अवाढव्य वाड्यासाठी ओळखलं जातं. टूर बसेस तिथे थांबतात, लोक आत जाऊन झुंबरं आणि जुनं फर्निचर बघतात. कुन्हा आईकडून याच ब्रागांझा घराण्याचे.

हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. पोर्तुगीज सत्तेखाली ज्यांचं बरं चाललं होतं, अशा वर्गात कुन्हा जन्मले. कॅथलिक, जमीनदार, पोर्तुगीज बोलणारं, शिकलेलं घर. सरकारी नोकरी, वकिली, डॉक्टरी, सगळ्या वाटा अशा घरातल्या मुलांसाठी खुल्या होत्या. पोर्तुगीजांशी जुळवून घेतलं असतं तर त्यांचं आयुष्य आरामात गेलं असतं.

गोव्याची तेव्हाची परिस्थितीही थोडक्यात पाहायला हवी. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला. म्हणजे प्लासीच्या लढाईच्या जवळपास अडीचशे वर्षं आधी. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तीन तालुके त्यांच्याकडे सगळ्यात जुने. तिथे मोठ्या प्रमाणावर धर्मांतरं झाली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं आणि १६८४ मध्ये तर कोंकणी बोलण्यावर बंदी घालणारा हुकूमही निघाला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण हे तालुके पोर्तुगीजांना मिळाले ते अठराव्या शतकात. त्यामुळे एकाच छोट्या प्रदेशात दोन वेगवेगळे गोवे तयार झाले होते आणि दोघांचा एकमेकांशी संबंध बेताचाच होता.

पॅरिसमध्ये भारताची ओळख

पणजीत सुरुवातीचं शिक्षण झाल्यावर कुन्हा पुदुच्चेरीला गेले. ती तेव्हा फ्रेंचांची वसाहत होती. तिथे फ्रेंच पद्धतीचं शिक्षण घेऊन ते पॅरिसला पोहोचले. सोर्बोन विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकले आणि पुढे दशकभराहून जास्त काळ फ्रान्समध्येच राहिले.

तो काळ साधा नव्हता. पहिलं महायुद्ध झालं, रशियात क्रांती झाली आणि युरोपातल्या मोठ्या शहरांत आशिया आणि आफ्रिकेतले तरुण एकत्र येऊन साम्राज्यांविरुद्ध बोलायला लागले. पॅरिस हे त्यातलं मुख्य ठिकाण होतं. व्हिएतनामचे हो ची मिन्हही त्याच सुमारास पॅरिसमध्ये होते.

गोव्यातून निघालेला एक पोर्तुगीज नागरिक तिथे स्वतःला भारतीय समजू लागला. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हाच्या कायद्यानुसार कुन्हा भारतीय नव्हतेच. त्यांच्या वर्गातल्या अनेकांना तर भारत म्हणजे सीमेपलीकडचा इंग्रजांचा देश वाटायचा. कुन्हांनी मात्र फ्रेंच वाचकांना गांधी कोण आहेत, जालियनवाला बागेत काय घडलं, भारतात काय चाललंय हे लिहून सांगायला सुरुवात केली. गांधींवर त्यांनी फ्रेंचमध्ये एक छोटी पुस्तिकाही लिहिली.

चुकीच्या वर्षी घरी

१९२६ मध्ये कुन्हा गोव्यात परतले. आणि नेमकं त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालमध्ये लष्करानं सत्ता ताब्यात घेतली.

याचा गोव्यावर काय परिणाम झाला? १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आलं होतं. त्यानंतरच्या दीड दशकात गोव्यातही थोडी मोकळीक होती. हिंदूंना समान नागरिक म्हणून वागवलं जाऊ लागलं, वर्तमानपत्रं निघाली, सरकारवर टीका करता येऊ लागली. कुन्हांचे नातेवाईक लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे त्या काळातले सगळ्यात गाजलेले पत्रकार. लष्करी उठावानंतर ही दारं एकेक करून बंद होत गेली. १९२८ मध्ये अंतोनियो सालाझार अर्थमंत्री झाला आणि १९३२ मध्ये पंतप्रधान. पुढची ३६ वर्षं पोर्तुगाल आणि त्याच्या सगळ्या वसाहती या एका माणसाच्या हुकुमावर चालल्या.

१९३० मध्ये सालाझारनं 'कलोनियल अ‍ॅक्ट' आणला. वसाहती ताब्यात ठेवणं आणि तिथल्या लोकांना सुधारणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं कामच आहे, अशी या कायद्याची भाषा होती. मिनेझिस ब्रागांझांनी जुलै १९३० मध्ये गोव्याच्या विधान परिषदेत याविरुद्ध ठराव मांडला आणि गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क सोडायला नकार दिला. पण परिषदेला लिस्बनमध्ये विचारत होतं कोण?

पुढे सेन्सॉरशिप इतकी वाढली की छापायचा प्रत्येक कागद आधी सरकारला दाखवावा लागायचा. लग्नपत्रिकासुद्धा त्यातून सुटली नव्हती.

गोव्याची काँग्रेस आणि काँग्रेसनं सोडलेला हात

अशा वातावरणात १९२८ मध्ये कुन्हांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसनं तिला मान्यता दिली. गोव्याचा लढा हा भारताच्या लढ्याचाच भाग आहे, हे पहिल्यांदा अधिकृतपणे मांडलं गेलं. याच सुमारास त्यांनी परकीय सत्तेच्या चारशे वर्षांचा हिशेब मांडणारी एक इंग्रजी पुस्तिकाही लिहिली.

कुन्हा फक्त शिकलेल्या लोकांसाठी लिहीत नव्हते. आसामच्या चहामळ्यांत काम करण्यासाठी गोव्यातून गरीब कुणब्यांची भरती होत होती. तिथे त्यांचे काय हाल होतात, हे कुन्हांनी उघड केलं. गोव्यातला माणूस पोट भरायला बाहेर का जातो, हा प्रश्न त्यांच्या लिखाणात सतत येत राहतो. मुंबईच्या धोबीतलाव भागातल्या 'कूड' नावाच्या खोल्यांमध्ये गावागावातले गोवेकर दाटीवाटीनं राहायचे. कुणी बोटीवर खलाशी, कुणी साहेबाच्या घरी स्वयंपाकी, कुणी बॅंडमध्ये वाजवणारा. या सगळ्यांच्या मनिऑर्डरींवर गोव्यातली घरं चालत होती. पोर्तुगीज सरकारला गोव्यात रोजगार निर्माण करण्याची गरजच वाटत नव्हती, कारण भार मुंबई उचलत होती.

मग १९३४ मध्ये काँग्रेसनं आपल्या परदेशातल्या शाखांशी असलेला संबंध तोडला. गोवा कागदोपत्री परदेश, म्हणून गोवा काँग्रेस समितीची मान्यताही गेली. ज्या माणसानं गोवा म्हणजे भारत हे सिद्ध करण्यात आयुष्य घालवायचं ठरवलं होतं, त्याला भारतातल्या सगळ्यात मोठ्या पक्षानंच परदेशी ठरवलं.

त्यांनी तरीही आपली भूमिका बदलली नाही. पुढची दहा-बारा वर्षं ते गोव्यात राहून लिहीत राहिले, माणसं जोडत राहिले. सभा नाही, मोर्चा नाही, पक्ष नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की काहीच घडत नाहीये.

महायुद्धाच्या काळातलं पुस्तक

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. त्यामुळे गोवाही कागदावर तटस्थ. मुरगावच्या बंदरात जर्मन आणि इटालियन जहाजं आसरा घेऊन थांबली होती. त्यातलं 'एहरेनफेल्स' हे जर्मन जहाज ब्रिटिशांना संशयास्पद वाटत होतं. मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या, वयानं उतरलेल्या हौशी ब्रिटिश सैनिकांच्या एका तुकडीनं रात्री त्यावर छुपा हल्ला केला आणि सकाळपर्यंत ही जहाजं जळून बुडाली. तटस्थ म्हणवणाऱ्या गोव्याच्या दारात युद्ध असं येऊन गेलं.

युद्ध लोकशाहीसाठी आहे, असं मित्र राष्ट्रं सांगत होती. पण गोव्यात हुकूमशाही होती आणि तिला कुणीच हात लावत नव्हतं. याच काळात, १९४४ मध्ये, कुन्हांची सगळ्यात गाजलेली पुस्तिका आली. नाव 'डीनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स'. सोप्या मराठीत सांगायचं तर, गोवेकरांचं राष्ट्रीयत्व कसं हिरावून घेतलं गेलं.

या पुस्तिकेतला मुद्दा काय होता? कुन्हांचं म्हणणं असं की पोर्तुगीजांनी गोव्याची जमीन घेतली ती सैन्याच्या जोरावर, पण गोवा साडेचारशे वर्षं ताब्यात ठेवला तो मनं बदलून. भाषा दाबली, नावं बदलली, कपडे आणि चालीरीती बदलल्या, शाळेत स्वतःच्या इतिहासाऐवजी पोर्तुगालचा इतिहास शिकवला. याचा परिणाम असा झाला की शिकलेला गोवेकर स्वतःच्या घरातल्या कोंकणीला नोकरांची भाषा समजू लागला आणि लिस्बनची नक्कल करण्यात मोठेपणा मानू लागला. अशा माणसाला स्वातंत्र्य हवं असं वाटणारच नाही, कारण आपण गुलाम आहोत हेच त्याला कळत नाही.

हे त्यांनी लिहिलं कुणाबद्दल? तर आपल्याच वर्गाबद्दल. आपल्याच घराबद्दल म्हटलं तरी चालेल. म्हणूनच ते अनेकांना झोंबलं. गोव्याच्या कॅथलिक समाजाला त्यांनी फार कठोर शब्दांत तोललं, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. गोव्याची खाणी, संगीत, घरं, सण यांत दोन संस्कृतींची जी सरमिसळ आहे ती निव्वळ गुलामी नाही, ती लोकांनी स्वतः घडवलेली गोष्ट आहे, असं आज बरेच जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण कुन्हांचा मूळ प्रश्न त्यानं खोटा ठरत नाही. सत्ता माणसाच्या मनात कशी घर करते, यावर पुढे जगभरात शेकडो पुस्तकं लिहिली गेली. आफ्रिकेतल्या आणि कॅरिबियनमधल्या लेखकांची या विषयावरची गाजलेली पुस्तकं नंतर आली. गोव्यात बसून कुन्हांनी १९४४ मध्येच हे लिहून ठेवलं होतं.

१८ जून १९४६

मग तो दिवस आला. जून १९४६ मध्ये राममनोहर लोहिया ब्रिटिशांच्या तुरुंगातून सुटून विश्रांतीसाठी गोव्यात आले. त्यांचे मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांचं घर असोळणे इथे होतं. लोहियांची तब्येत ढासळली होती, पण गोव्यात आल्यावर त्यांना दिसलं की इथे सभा घ्यायलाही परवानगी लागते. विश्रांती बाजूला राहिली.

१८ जूनला मडगावात भर पावसात सभा ठरली. लोहिया पोहोचताच एका पोर्तुगीज अधिकाऱ्यानं पिस्तूल रोखलं. लोहियांनी त्याचा हात बाजूला केला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांना लगेच अटक झाली आणि नंतर गोव्याबाहेर काढलं गेलं. पण लोकांची भीती त्या संध्याकाळी गेली. आज १८ जून हा गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळतात आणि ते मैदान लोहिया मैदान म्हणून ओळखलं जातं.

लोहिया बाहेरचे होते, त्यांना हद्दपार करता आलं. गोव्यातल्या लोकांचं काय? पुढचे काही आठवडे मडगाव आणि इतर गावांत सभा होत राहिल्या, पोलीस लोकांना मारत राहिले. कुन्हा तेव्हा ५५ वर्षांचे होते. ज्या माणसानं वीस वर्षं एकट्यानं ही जमीन नांगरली होती, तो आता रस्त्यावर उतरलेल्या तरुणांच्या बरोबर उभा होता.

१२ जुलै १९४६ रोजी त्यांना अटक झाली.

आग्वादची कोठडी

आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये बांधून पूर्ण झाला. मांडवी नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकडीवर. डच आणि मराठ्यांपासून गोव्याचं रक्षण करणं हा हेतू. पोर्तुगीजमध्ये 'आग्वा' म्हणजे पाणी. इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि लांबचा प्रवास करून आलेली जहाजं इथे पाणी भरायची. त्यावरूनच किल्ल्याला नाव पडलं. वरच्या भागातल्या हौदात जवळपास २४ लाख गॅलन पाणी मावतं. शत्रूच्या तोफांसाठी बांधलेल्या या भिंती सालाझारच्या काळात स्वतःच्याच नागरिकांना कोंडायला कामी आल्या.

कुन्हांना आग्वादच्या अंधाऱ्या, ओल आलेल्या कोठडीत ठेवलं गेलं. जुलै महिना, बाहेर गोव्याचा पाऊस. मग त्यांच्यावर खटला चालला तो साध्या कोर्टात नाही, तर लष्करी न्यायालयात. गोव्यातल्या एखाद्या नागरिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवण्याची ही पहिलीच वेळ होती, असं सांगितलं जातं. हातात शस्त्र नाही, स्फोटकं नाहीत, गुन्हा एवढाच की भाषण केलं आणि लिहिलं. शिक्षा आठ वर्षांची.

आणि शिक्षा भोगायची जागा गोवा नव्हती. त्यांना हजारो किलोमीटर दूर पोर्तुगालला पाठवलं गेलं.

पेनिश

लिस्बनच्या उत्तरेला, साधारण ९० किलोमीटरवर पेनिश नावाचं मासेमारीचं गाव आहे. अटलांटिक समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकावर तिथे एक जुना किल्ला आहे. १९३४ पासून सालाझारनं तो राजकीय कैद्यांचा तुरुंग केला. तीन बाजूंनी उसळता समुद्र, सतत वारा, पळून जाणं जवळपास अशक्य. पोर्तुगालमधले कम्युनिस्ट आणि हुकूमशाहीचे विरोधक इथे ठेवले जात.

गोव्यातून या किल्ल्यात पोहोचलेले कुन्हा एकटे नव्हते. डॉ. राम हेगडे, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि जुझे इनासियु लोयोला यांनाही तिथे पाठवण्यात आलं. यातले पुरुषोत्तम काकोडकर म्हणजे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांचे वडील. नावांकडे नीट बघा. दोन कॅथलिक, तीन हिंदू. जुन्या आणि नव्या तालुक्यांतले जे दोन गोवे एकमेकांपासून तुटलेले होते, ते पेनिशच्या बराकींमध्ये एकत्र आले होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा फडकला तेव्हा कुन्हा शिक्षा भोगत होते. ज्या देशाचे नागरिक आपण आहोत असं ते वीस वर्षं सांगत होते, तो देश स्वतंत्र झाला. पण त्यांचा गोवा मात्र तिथेच राहिला. दिल्लीला वाटत होतं की इंग्रज गेले म्हणजे पोर्तुगीजही समजुतीनं जातील. सालाझार मात्र हलायला तयार नव्हता. १९४९ मध्ये पोर्तुगाल 'नाटो'चा संस्थापक सदस्य झाला. १९५१ मध्ये त्यानं कायदा बदलून वसाहती हा शब्दच काढून टाकला. गोवा आता वसाहत नव्हे तर पोर्तुगालचा समुद्रापलीकडचा प्रांत! मग मुक्त कुणाला करायचं?

१९५० मध्ये माफी मिळून कुन्हा तुरुंगाबाहेर आले. पण हे सुटणं अर्धवट होतं. त्यांना पोर्तुगाल सोडता येत नव्हता. साठीला आलेला माणूस, परक्या देशात, पोलिसांच्या नजरेखाली. शेवटी त्यांनी गुपचूप पोर्तुगालमधून निसटून पॅरिस गाठलं. तरुणपणी ज्या शहरानं त्यांना भारत दाखवला होता, त्याच शहरातून ते आता भारताकडे निघाले. १९५३ मध्ये ते मुंबईत उतरले.

मुंबईची पाच वर्षं

गोव्यात पाऊल ठेवलं तर अटक ठरलेली. म्हणून कुन्हांनी मुंबईत काम सुरू केलं. गोवा मुक्तीसाठी मुंबईत तेव्हा अनेक गट होते. कुणी काँग्रेसचे, कुणी समाजवादी, कुणी कम्युनिस्ट, कुणी बंदूक हाती घेतलेले. त्यांचं एकमेकांशी फारसं पटायचं नाही. या सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी कुन्हांनी गोवा अ‍ॅक्शन कमिटी उभी केली आणि 'फ्री गोवा' हे इंग्रजी नियतकालिक चालवलं. त्यांची भाची बेर्ता द मिनेझिस ब्रागांझा या कामात त्यांच्याबरोबर होती.

हे काम बंदुकीपेक्षा कमी महत्त्वाचं नव्हतं. कारण सालाझारची मुख्य लढाई प्रचाराची होती. गोवेकरांना, विशेषतः गोव्यातल्या कॅथलिकांना, भारतात यायचंच नाही, असं पोर्तुगाल जगाला सांगत होता. त्याला उत्तर द्यायला पोर्तुगीज आणि फ्रेंच जाणणारा, कॅथलिक घरातला, सालाझारच्या तुरुंगात राहिलेला माणूस लागत होता. कुन्हांचं असणं हेच त्या प्रचाराला उत्तर होतं.

१९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. १९५५ मध्ये पुण्यातून आणि देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या सीमेकडे निघाले. ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये, मधु लिमये यांना लांबलचक शिक्षा झाल्या आणि आग्वादच्या त्याच जेलमध्ये मराठी आवाज घुमू लागले. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात वीसहून जास्त जण मारले गेले. भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, पण लष्कर पाठवलं नाही. शांततेचा मार्ग सोडायचा नाही, असं नेहरूंचं धोरण होतं.

त्यानंतरची वर्षं वाट पाहण्याची होती. मुंबईतून गोवा एका रात्रीच्या अंतरावर, पण कुन्हांसाठी बंद. २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ६७. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं गेलं.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. जेमतेम ३६ तासांत ४५१ वर्षांची सत्ता संपली. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यानं शरणागती पत्करली. हे बघायला कुन्हा नव्हते.

घरी परतायला २८ वर्षं

मृत्यूनंतरच्या वर्षी, १९५९ मध्ये, जागतिक शांतता परिषदेनं त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक दिलं. १९६१ मध्ये त्यांच्या निवडक लेखांचं पुस्तक मुंबईतून निघालं. आणि १९८६ मध्ये त्यांचे अवशेष शिवडीहून गोव्यात नेण्यात आले. पणजीच्या आझाद मैदानावर ते आज आहेत. मुक्त गोव्यात कुन्हा पोहोचले ते असे.

किल्ल्यांचं पुढे काय झालं?

गोवा गेल्यावरही सालाझारची राजवट पोर्तुगालमध्ये आणखी काही वर्षं टिकली. २५ एप्रिल १९७४ ला तिथे लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनीच हुकूमशाही उलथवली. दोन दिवसांत, २७ एप्रिलला, पेनिशचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. म्हणजे ज्या सत्तेनं गोवेकरांना कोंडलं होतं, ती पोर्तुगीजांनाही तितकीच कोंडत होती. कुन्हांचं भांडण पोर्तुगीज माणसाशी नव्हतं, हे पेनिशच्या भिंतींमध्ये गेलं की नीट समजतं.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. २०१६ मध्ये पोर्तुगीज सरकारनं जुन्या इमारती पर्यटनासाठी खासगी कंपन्यांना चालवायला द्यायची योजना आणली आणि त्या यादीत पेनिशचा किल्लाही होता. समुद्राकाठचा किल्ला, उत्तम हॉटेल होईल! माजी कैदी आणि त्यांचे कुटुंबीय खवळून उठले. जिथे माणसं वर्षानुवर्षं सडली, तिथे हॉटेलच्या खोल्या करणार का, असा त्यांचा सवाल होता. सरकारला माघार घ्यावी लागली. तिथे आधी अडीच हजारांहून जास्त कैद्यांची नावं कोरलेलं स्मारक उभं राहिलं आणि २७ एप्रिल २०२४ रोजी, कैदी सुटले त्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं.

कुन्हांना ज्या दोन किल्ल्यांत ठेवलं, ते दोन्ही आता म्युझियम आहेत. एक अरबी समुद्राच्या काठावर, दुसरं अटलांटिकच्या. पेनिशला जो प्रश्न पडला, तो आग्वादलाही आहे. गोव्यात दरवर्षी लाखो पर्यटक येतात. त्यांच्यासाठी समुद्राकाठचा जुना जेल हे फोटो काढायचं आणखी एक ठिकाण होऊ शकतं, किंवा हा देश एकाच दिवशी आणि एकाच पद्धतीनं स्वतंत्र झाला नाही हे कळण्याची जागा होऊ शकते. म्युझियम उघडल्यानं हा प्रश्न सुटत नाही. तिथे कोण जातं आणि काय बघून येतं, यावर ते ठरतं.

कुन्हांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली होती. स्वतःचा इतिहास विसरलेल्या माणसावर राज्य करणं सोपं असतं. त्यामुळे पुढच्या वेळी आग्वादला गेलात तर दीपगृहाचा फोटो जरूर काढा. पण मग खाली समुद्राकडे उतरा, जेलमध्ये जा आणि ती कोठडी शोधा. नाव दारावरच आहे.